हँडल कुणी केलं

झेंडूचा वास आला की माझं डोकं फिरतं. धाराशिवच्या बाजारात केशरी ढीग लागतात, शिवारात सोयाबीन काढून पडलेलं असतं, राशीची म्हणजे मळणीची मशीनं ट्रॅक्टरमागं खडखडत गावोगाव निघतात, आणि स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणतंच, "शोभा मॅडम, सणाचं वातावरण झालं बघा." मला सणाचं काही वाटत नाही. मला कुणाशी तरी कडाकडा भांडावंसं वाटतं. नवऱ्याच्या हे ध्यानात आलेलं आहे. खंडेनवमीपासून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत तो माझ्याशी भाजी कोणती आणू एवढंच बोलतो आणि मी सांगेन ती मुकाट आणतो.

मी आयटीआयमध्ये तासिकेवर टर्नरच्या मुलांना शिकवते. लेथ म्हणजे लोखंड गरगर फिरवून सोलायचं यंत्र. लोखंड ज्या जबड्यात धरायचं तो चक, आणि तो जबडा आवळायची वीतभर लांब टी आकाराची किल्ली. ही किल्ली चकात विसरली आणि मशीन चालू झालं, तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. म्हणून नव्या तुकडीला पहिल्या दिवशी मी एकच सांगते. चकात किल्ली ठेवून जो हात बाजूला काढील, त्याला मी त्याच दिवशी घरी पाठवीन. पोरं आपसात म्हणतात, मॅडम खडूस आहेत. म्हणोत. ती किल्ली माझ्या मायच्या कानाजवळून गेलेली मी पाहिलेली आहे.

धाराशिवजवळच्या तेर गावात आमच्या घरामागं पत्र्याचं शेड आहे. त्यात माझ्या वडिलांचं, म्हणजे आण्णांचं लेथ. पंजाबकडची जुनी बनावट, कुणाकडून तरी वापरलेलं घेतलेलं. त्या शेडचा वास मी आंधळी झाले तरी ओळखीन. जळकं तेल, दुधासारखं पांढरं सोड्याचं पाणी, तापलेल्या लोखंडाचे निळे वेटोळे, आणि या दिवसात त्यावर सोयाबीनच्या भुश्शाची धूळ. राशीच्या मशीनचा शाफ्ट, म्हणजे आतला फिरता दांडा, झिजला की शेतकरी तो खांद्यावर टाकून आण्णांकडं यायचे. वेल्डिंगनं भरलेला शाफ्ट लेथवर सोलून बेअरिंगच्या मापाला आणायचा, हे आमचं हंगामातलं काम. माणसं तेलाच्या डब्यांवर बसून राहायची. केसात भुस्सा, अंगाला खाज, आणि नजर सारखी आभाळाकडं. काढलेलं सोयाबीन भिजलं की शेंगेतच काळं पडतं. त्यामुळं त्या शेडमध्ये कुणी मोठ्यानं हसत नसे आणि आण्णांना कुणी घाई करा असंही म्हणत नसे. सगळे नुसते बसून असत.

मी आयटीआयला टर्नर झाले ते आण्णांच्या परवानगीनंच, हे आधी सांगून टाकते, नाहीतर लोक म्हणतील बापाला उगाच नावं ठेवते. पोरगी धाराशिवला बसनं जाते, लोखंड कापते, याचं त्यांना कौतुकही होतं. माझं पास झाल्याचं पत्रक त्यांनी शर्टाच्या खिशात घालून पारावर नेऊन दाखवलं होतं. पण घरच्या लेथला हात लावायचा नाही. शेड झाडायचं, लोखंडाचा कीस पोत्यात भरायचा, चहा न्यायचा, माप विचारलं तर वाचून सांगायचं. आण्णा सुतात बोलायचे, मी मिलिमीटरमध्ये. दोन सूत म्हणजे किती गं, असं ते विचारायचे आणि मी सांगितलं की मान हलवून मशीन विजूदादाच्या हातात द्यायचे. विजूदादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. शाळा सुटली तेव्हापासून तो मशीनवर. वाईट नव्हता तो, आताही नाही. हाताला मात्र धसमुसळा, आणि माप आलं की नाही हे डोळ्यांनी ठरवणारा.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात. सगळं मशीन रॉकेलनं पुसायचं. पाने, कानशी, हातोडे, माप घ्यायचा व्हर्नियर ओळीनं मांडायचे, एकेकाला हळद-कुंकवाचं बोट लावायचं. किल्ली मात्र त्या ओळीत नसे. ती आण्णा स्वतः चकात बसवायचे आणि झेंडूचा हार तिलाच अडकवायचे. "किल्लीनं मशीनचं तोंड उघडतंय. मान तिचा," असं त्यांचं म्हणणं. दसऱ्याला मशीन बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी हारासकट पहिला फेरा द्यायचा. आण्णा हाराखाली हात घालून किल्ली अलगद काढून घ्यायचे, हार चकावर तसाच राहू द्यायचे आणि बटण दाबायचे. मग झेंडूच्या पाकळ्या शेडभर उडायच्या. पत्र्याला लागायच्या, डोक्यात बसायच्या, मायच्या पदरात पडायच्या. मला तो क्षण लई आवडायचा. आता कितीही राग आला तरी हे नाकारता येत नाही.

मी एकोणीस वर्षांची होते. त्याच उन्हाळ्यात पास झालेले. खंडेनवमीच्या सकाळी मी आण्णांना म्हटलं, "औंदा पहिला फेरा म्या देते."

ते व्हर्नियर पुसत होते. वर न बघताच म्हणाले, "फेरा इजू देईल."

"मला येतंय, आण्णा."

"येतंय तर चांगलंच हाय की. पण फेरा पोरानं द्यायचा अस्तोय."

एवढंच बोलणं झालं. मी घरात गेले आणि हार करायला बसले. रागात केलेला हार दाट होतो हे मला तेव्हा कळलं. फुलामागं फूल दाबून ओवत गेले, बोटांना सुई टोचली तरी थांबले नाही. दोन हारांची फुलं एका हारात गेली. माय म्हणाली, अगं पुरे की. मी ऐकलं नाही. हार दाट होता हे खरं आहे, आणि या सगळ्या गोष्टीत माझ्याकडं बोट दाखवता येईल असं तेवढंच आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विजूदादा आंघोळ करून, कपाळाला कुंकू लावून मशीनपुढं उभा राहिला. बाहेर चार शेतकरी शाफ्ट घेऊन बसलेले. माय बाजूला आरतीचं ताट घेऊन. मी दारात. आण्णा चकाकडं जाणार, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक मारली, मिस्त्री, ट्रॅक्टर कुठं लावू. आण्णा वळले, हातानं जागा दाखवली, आणि तसेच पाठमोरे विजूदादाला म्हणाले, "दाब."

किल्ली हाराखाली होती. ती काढायचं काम दरसाल आण्णांचं. विजूदादाला ते कधी करावंच लागलं नव्हतं. त्यानं बटण दाबलं. मला आधी पाकळ्या दिसल्या आणि मग आवाज आला, दोन आवाज, लागोपाठ. पहिला टूलच्या हँडलवर. ते बिडाचं हँडल तीन तुकडे होऊन पडलं. दुसरा पत्र्यावर. मधल्या मधे ती किल्ली मायच्या कानाजवळून गेली. मायच्या हातातलं ताट तसंच होतं. निरांजन जळत होतं. पाकळ्या अजून खाली येत होत्या. पत्र्याला पडलेलं ते भोक अजून आहे, कुणी बुजवलेलं नाही.

आण्णांनी भोकाकडं बघितलं, मायकडं बघितलं, हँडलच्या तुकड्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "एवढा दाट हार कशाला केलतीस? किल्ली दिसंना झाली."

डब्यावर बसलेला एक जण म्हणाला, "व्हय की. बायकांला हौस लई." बाकीच्यांनी माना हलवल्या. विजूदादा खाली बघत राहिला. मायनं कान चोळला आणि ताट खाली ठेवलं. ज्यानं किल्ली घातली तो बोलत होता, ज्यानं बटण दाबलं तो गप्प होता, आणि हार करणारी दोषी ठरली होती. मी घरात गेले आणि भाकरी थापायला बसले. त्या दिवशी भाकरी अशा थापल्या की शेजारच्या काकू भिंतीवरून विचारायला आल्या, काय फुटलं का गं. मी म्हटलं, अजून न्हाय.

ते हँडल म्हणजे नेमकं काय, हे सांगायला हवं. लेथवर कापणारं टूल आत-बाहेर सरकवायला एक स्क्रू असतो आणि त्या स्क्रूच्या टोकाला हँडल. ते नसेल तर मशीन फिरतं, पण माप घेता येत नाही. म्हणजे काम बंद. हंगामाच्या भरात काम बंद, बाहेर चार शाफ्ट पडलेले, आणि मशीन इतकं जुनं की त्याचा सुटा भाग सहजी मिळत नव्हता. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आण्णा तुकडे पिशवीत घालून लातूरला गेले. विजूदादा शेतात गेला. शेतकरी शाफ्ट तिथंच टाकून आपापल्या गावी गेले. शेडमध्ये कुणी नव्हतं. त्या वर्षी भारनियमन असं होतं की लाइट अकराला यायची आणि तीनला जायची. अकराला लाइट आली तेव्हा मी ओढणी खुंटीला अडकवली, वेणी वर बांधली आणि शेडमध्ये गेले.

मायनं मला जाताना बघितलं. ती सुपात मूग घेऊन आली आणि शेडच्या उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "हात संभाळ. आन मला काय इचारू नगंस. म्या काय बघितलं न्हाय." मग चार तास ती तिथंच बसून सगळं बघत राहिली.

कोपऱ्यात जुन्या बैलगाडीच्या आसाचा तुकडा पडलेला होता. चांगलं लोखंड. मला तुटलेल्यासारखं वेडंवाकडं बिडाचं हँडल करायचं नव्हतं. मला ते हँडल करायचं होतं ज्याचं चित्र आमच्या पुस्तकात होतं आणि जे करायला आम्हाला कुणी दिलं नव्हतं. एका टोकाला मोठा गोळा, दुसऱ्या टोकाला लहान, मधे निमुळता होत जाणारा दांडा, सगळं एकाच तुकड्यातून. गोळा सोलायचा म्हणजे दोन हात दोन चाकांवर लागतात. डावा हात टूल आडवं नेतो, उजवा ते आत-बाहेर करतो, आणि दोघांनी एकमेकांचं ऐकलं तरच गोलाई येते. माझ्या उजव्या हाताला हँडलच नव्हतं. तेच तर करायचं होतं. मी स्क्रूच्या टोकाला पाना लावला. दर पाव फेऱ्याला पाना काढायचा, पुन्हा बसवायचा, पुन्हा पाव फेरा. तेवढ्या वेळात डाव्या हातानं थांबून राहायचं. गोळ्याच्या जागी आधी जिन्याच्या पायऱ्या उमटल्या. पाना दोनदा निसटला, बोटाची सालं निघाली. मी शिव्या दिल्या. कुणाला दिल्या ते माय बसली होती म्हणून स्पष्ट नाही दिल्या.

पायऱ्या कानशीनं मारल्या, मग पॉलिश पेपर. आता गोळा खरंच गोल आहे का ते बघायचं होतं, आणि त्याला गेज नव्हतं. एखादं गोल कडं गोळ्यावर टेकवून फिरवायचं आणि मधून उजेड दिसतो का बघायचं, असं मी पुटपुटत होते. माय उठून घरात गेली. आली तेव्हा तिच्या हातात माझ्या बारशाची काळी काचेची बांगडी होती, एवढीशी. एवढी वर्षं तिनं ती कुठं ठेवली होती देव जाणे. मी बांगडी गोळ्यावर टेकवली. एका बाजूला उजेडाची बारीक फट दिसली. पुन्हा कानस. पुन्हा बांगडी. तिसऱ्या खेपेला कुठूनच उजेड आला नाही. मायनं स्वतः बांगडी घेऊन सगळीकडून फिरवून बघितली आणि म्हणाली, "बसली." आणि पुन्हा मूग निवडायला लागली.

तीनला लाइट गेली तेव्हा धाकटा गोळा अर्धाच झाला होता. तो मी वायसच्या शिकंजात धरून कानशीनं पुरा केला. मोठ्या गोळ्याला आडवं भोक आधीच पाडून ठेवलं होतं. ते स्क्रूवर बसवलं, मागून बारीक स्क्रू आवळला. धाकट्या गोळ्यात मूठ बसवली. सहाच्या सुमाराला मी ते फिरवलं आणि टूल आत गेलं, उलटं फिरवलं आणि बाहेर आलं, कुठंही न अडखळता. मी हात धुतले. बोटं झोंबत होती.

आण्णा सातच्या बसनं रिकाम्या हातानं आले. शेडमध्ये गेले. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी हँडल फिरवलं, आत, बाहेर, पुन्हा आत. अंगठा मोठ्या गोळ्यावरून सगळीकडून फिरवला. बराच वेळ फिरवला. मग घरात येऊन चपला काढल्या आणि मला म्हणाले, "चहा टाक." मी इतकी खूश होते की चहात साखर दोनदा पडली, आणि त्यांनी तो गोडमिट्ट चहा एक शब्द न बोलता पिला. मला वाटलं, झालं. आता सकाळी सांगतील.

सकाळी सांगितलं. शाफ्टवाले परत आले होते. एक जण म्हणाला, "मिस्त्री, लातूरला गावलं व्हय?"

आण्णा म्हणाले, "लातूरला कशाला गावतंय? घरीच केलं. इजूनं केलं."

मी चहाचं ताट घेऊन तिथंच उभी होते. लोकांनी विजूदादाची पाठ थोपटली. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, मग ताटातला कप उचलला आणि प्यायला लागला. 'मी नाही केलं' असं म्हणायला त्याला एवढा वेळ होता. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. तो चहा फुंकत होता.

लोक म्हणतात, एवढंसं हँडल, त्याचं काय एवढं धरून बसायचं. नवराही एकदा म्हणाला होता, पुन्हा नाही म्हणाला. मीही स्वतःला समजावून बघितलं आहे. तेरला पाऊस उघडला की जुन्या वस्तीच्या पांढरीच्या टेकाडावर मातीतून मणी वर येतात, खापराचे तुकडे येतात, कधी एखादं चिमुकलं मातीचं जनावर. आम्ही लहानपणी ते वेचायचो. बाहेरगावचे लोक येऊन कौतुक करतात, काय कारागीर असतील. कोण होते, कुणालाच माहीत नाही. मी स्वतःला म्हणायचे, बघ, त्यांचं नाव राहिलं नाही, तुझं कुठून राहणार. पण ते समजावणं टिकत नाही. त्यांची नावं पुसायला किती शतकं लागली असतील. माझं नाव एका चहाच्या कपात गेलं, आणि पुसणारे माझ्या ओळखीचे होते, माझ्याच घरात जेवत होते. त्या हँडलवर विजूदादा विजू मिस्त्री झाला. असं हँडल करणारा माणूस म्हणून पार बेंबळी गावापासून लोक शाफ्ट घेऊन यायला लागले. माझं लग्न ठरलं तेव्हा पाहुण्यांना शेड दाखवताना आण्णांनी तेच हँडल फिरवून दाखवलं आणि तेच वाक्य म्हटलं. मी तेव्हाही चहा घेऊन उभी होते.

आयटीआयच्या पोरांना मी तसंच हँडल करायला देते. दोन गोळे, निमुळता दांडा, एकाच तुकड्यातून. झालं की प्रत्येकानं अक्षरांचे पंच घेऊन त्यावर आपलं नाव ठोकायचं. नाव नसलेलं हँडल मी तपासत नाही. पोरांना वाटतं, ही मॅडमची शिस्त आहे.

आता माय नाही. आण्णा पंच्याहत्तरीला आलेत. हार आता भावजय करते, चार फुलांचा, त्यातून सगळं आरपार दिसतं, आणि त्या वर्षापासून किल्ली पूजेला कधी चकात बसत नाही, आण्णांच्या खिशात असते. यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या बसनं तेरला गेले. विजूदादाची स्वतःच्या रानात रास चालू होती. आण्णा एकटेच मशीनवर होते. बेंबळीकडचा एक शेतकरी शाफ्ट घेऊन बसला होता. त्याचं सगळं सोयाबीन ताडपत्रीखाली होतं आणि पश्चिमेकडं काळं व्हायला लागलं होतं. आण्णांनी शाफ्ट चकात धरला. शेतकरी सहज पुढं झाला, हँडलवरून हात फिरवून म्हणाला, "लई गुळगुळीत केलंय हो. कुठनं आणलं?"

"आणलं न्हाय. आमच्या पोरानं केलंय. इजूनं. ईस-बावीस वर्सं झाली."

मला वाटलं होतं मला राग येईल. तसा आला नाही. मी नुसती पुढं गेले, भिंतीवरची ॲलन की काढली, मागचा बारीक स्क्रू सैल केला आणि हँडल काढून पर्समध्ये टाकलं.

आण्णा म्हणाले, "काय करलालीस?"

"माझं हाय ते. नेलाले."

"शोभे, माणूस बसलाय. आभाळ आलंय."

"मग कुणी केलं ते सांगा त्यांना. लगेच लावते."

शेतकरी एकदा माझ्याकडं, एकदा आण्णांकडं बघायला लागला. आण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, "तुला ठावं हाय. मला ठावं हाय. लोकास्नी सांगून काय करायचं? तवा सांगितलं असतं पोरीनं केलंय, तर कुणी काम आणलं असतं का?"

म्हणजे विसर पडला नव्हता. इतकी वर्षं मी मनात म्हणायचे, विसरले असतील, खरंच विजूनं केलं असं वाटत असेल. नाही. सगळं नीट लक्षात होतं. मी म्हटलं, "आता सांगा. आता तर आणतील."

त्यांनी पाना उचलला आणि स्क्रूच्या टोकाला लावला. मशीन चालू केलं. पाव फेरा, पाना काढ, पुन्हा लाव. पाना सारखा निसटत होता. शाफ्टवर नांगरटीसारख्या रेघा उठायला लागल्या. सत्य सांगण्यापेक्षा त्यांना हे सोपं वाटलं. मी बघत उभी राहिले. बघावं म्हटलं किती वेळ. पण माप खाली जायला लागलं होतं. अजून एक चुकीचा घास आणि बेअरिंग ढिलं बसणार, शाफ्ट भंगारात जाणार, आणि त्या माणसाचं सोयाबीन भिजणार. त्याचं काय चुकलं होतं. मी बटण बंद केलं, आण्णांच्या हातातून पाना घेतला. त्यांनी सोडला.

पान्यानंच मी तो शाफ्ट केला. पर्स खुंटीवर होती, हँडल तिच्यात होतं, पण मी ते काढलं नाही. एकोणिसाव्या वर्षी जमलं होतं ते एक्केचाळिसाव्या वर्षी जास्त चांगलं जमलं. बेअरिंग बसलं, हातानं दाबून, नेमकं. शेतकऱ्यानं शाफ्ट खांद्यावर घेतला. जाताना मला म्हणाला, "ताई, हँडल बी तुमीच केलतं म्हना की." मी म्हटलं, ह्यांना विचारा. आण्णा नळावर हात धूत होते, लई वेळ धूत होते. मी जेवायला न थांबता बस धरली.

तिसऱ्या दिवशी विजूदादाचा फोन आला. मागं माणसांचा गलका ऐकू येत होता.

"शोभे, हँडल कुठंय?"

"माझ्याकडं."

"अगं सात शाफ्ट पडल्यात इथं. आण्णा पान्यानं करायलेत, हुईना झालंय. येऊन लाव की."

"तू नवं कर."

पुढं मी म्हटलं, "दादा, सगळा तालुका म्हणतो तू केलंस. आसाचा उरलेला तुकडा हाय अजून कोपऱ्यात. कर."

मागून कुणीतरी म्हणत होतं, व्हय की इजू मिस्त्री, तुमी मागं केलतं की, तसंच एक करा, आमी बसतो. मला सगळं ऐकू येत होतं. विजूदादाचा श्वासही ऐकू येत होता. मग तो बोलला, मला नाही, फोन तोंडापासून बाजूला धरून, त्या माणसांना.

"मला येत न्हाय ते. म्या केलं नव्हतं. शोभीनं केलतं."

 मागं कुठंतरी आण्णा खोकले. विजूदादा पुन्हा फोनवर आला आणि हळूच म्हणाला, "आता तरी आण."

 बावीस वर्षांत हे वाक्य आलं तर काय करायचं ते मी शंभरदा ठरवलं होतं. रडायचं, हसायचं, फोन आपटायचा. यातलं काहीच झालं नाही. हँडल समोर टेबलावर होतं, पिठाच्या डब्याशेजारी. मोठ्या गोळ्यावरचा तेलाचा काळा डाग मी पुसला होता. मी त्याला सांगितलं, जुनं मिळणार नाही, ते माझ्याकडं राहील. उद्या सुट्टी आहे, सकाळच्या बसनं येते आणि नवं करून देते. आसाचा तुकडा कापून ठेव. आणि आण्णांना सांग, शेडचं दार उघडं ठेवायचं, आणि बसलेल्या लोकांपैकी एकालाही उठवायचं नाही.